वेदगंगेकाठचा ट्रॅक्टर आणि त्याची बॅटरी

शेतीच्या ट्रॅक्टरात बॅटरीचे खरे काम काही सेकंदांचे असते. बंद इंजिनाला पहिले फेरे द्यायचे आणि इंजिनाने पेट घेतला की बाजूला व्हायचे. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. जुन्या बांधणीत इंधनाचा पंपही यांत्रिक असतो. त्यामुळे बॅटरी पार उतरलेली असली तरी एकदा सुरू झालेला ट्रॅक्टर दिवसभर नांगरत राहतो. तरीही कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूड परिसरात ट्रॅक्टर उभा राहण्याचे कारण शोधायला गेले की बोट बहुधा आधी बॅटरीकडे जाते. दोष थंडीचा नाही. ट्रॅक्टरची माहितीपुस्तके ज्या देशांत प्रथम लिहिली गेली, तिथे बॅटरीला गोठवणाऱ्या हिवाळ्याशी सामना करावा लागे. वेदगंगेच्या खोऱ्यात तिचे आयुष्य ठरवले ते उन्हाळ्याने, पावसाळ्यातल्या सक्तीच्या विश्रांतीने आणि उसाच्या गळीत हंगामाने.

मुरगूड हे कागल तालुक्यातले नगरपरिषदेचे गाव. निपाणीहून राधानगरी आणि फोंडा घाटामार्गे देवगडकडे जाणारा रस्ता गावातून जातो. नदीकाठची मळीची जमीन उसाची आणि वरचा भाग माळाचा. संस्थानकाळात हा मुलूख कागलकर घाटग्यांच्या जहागिरीत होता आणि गावाजवळचा सर पिराजी तलाव त्याच काळातला. निपाणीची तंबाखूची पेठ जवळ, कोकणात उतरणारा घाट फार दूर नाही. साहजिकच या रस्त्यावर मालमोटारी ट्रॅक्टरच्या आधीपासून धावत होत्या. बॅटरी चार्ज करणे, टर्मिनल बदलणे, डायनामो उघडणे ही कामे खेड्यापाड्यांत शिरली ती मोटारीच्या मागोमाग. ट्रॅक्टरने हा धंदा तयार स्थितीत उचलला.

यंत्र सुरू करण्याची शेतकऱ्याची पहिली सवय मात्र बॅटरीशिवायची होती. नदीवरून पाणी उपसणारे ऑइल इंजिन आणि गुऱ्हाळाचा चरक फिरवणारे इंजिन ही कोल्हापूरकडच्या शेतीची पहिली यंत्रे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथून लोखंडी नांगर, चरक, पंप दक्षिण महाराष्ट्रभर पसरले. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनांचे सुटे भाग ओतणारे कारखाने वाढले. ही इंजिने सावकाश फिरणारी आणि जड चाकांची असत. सुरू करताना दाब सोडणारी खिट्टी उचलायची, हँडल घालून चाकाला गती द्यायची आणि पुरेशी गती आली की खिट्टी पाडायची. चाकात साठलेला जोर पिस्टनला दाबाच्या टप्प्यापार नेई आणि इंजिन बोलू लागे. हँडल धरण्याची एक शिस्त होती. अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, विळखा घालायचा नाही. इंजिन उलटे फिरले तर हँडल हाताला झटका देऊन सुटते. विळखा घातलेला अंगठा त्यात मोडतो, कधी मनगटही जाते.

स्थिर इंजिनाला हे चालले, कारण ते दिवसातून एकदा सुरू होई आणि पाण्याची पाळी संपेपर्यंत थांबत नसे. ट्रॅक्टर बांधावर थांबतो, परत निघतो, गावात येतो, पुन्हा शेतात जातो. शिवाय त्याचे इंजिन जास्त सिलिंडरांचे आणि त्या मानाने हलक्या चाकाचे असते. डिझेल इंजिनात हवा मूळ आकाराच्या सोळाव्या-अठराव्या भागापर्यंत दाबली जाते, पेट्रोल इंजिनात साधारण आठव्या-दहाव्या. या दाबाविरुद्ध तीन-चार सिलिंडर हाताने फिरवणे धडधाकट माणसालाही जड जाते. म्हणून डिझेल ट्रॅक्टर आणि विजेचा स्टार्टर, म्हणजे गावच्या बोलीत ‘सेल्फ’, यांची जोडी जवळजवळ अटळ होती.

त्या जोडीच्या दोन्ही वस्तू शेतीसाठी घडलेल्या नव्हत्या. शिसे आणि गंधकाम्लाची पुन्हा चार्ज होणारी बॅटरी फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये केली. १८८१ मध्ये कामिय फोर यांनी शिशाच्या पट्ट्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देण्याची रीत काढली आणि बॅटरी कारखान्यात करण्याजोगी झाली. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत बसला. त्यांची मूळ युक्ती आजही तशीच आहे: मोटर सतत चालवायची नसल्याने तिच्यावर काही सेकंद तिच्या ऐपतीपेक्षा कितीतरी जास्त भार टाकायला हरकत नाही. ट्रॅक्टरमध्ये हा स्टार्टर उशिरा आला. १९४६ पासून इंग्लंडमध्ये निघालेल्या फर्ग्युसन टीई-२० ला तो होता आणि तो गिअरच्या दांड्यानेच चाले. दांडा सुरुवातीच्या खुणेवर नेल्याशिवाय सेल्फ लागत नसे, म्हणजे ट्रॅक्टर गिअरमध्ये असताना सुरू होऊन अंगावर येण्याचा धोका बांधणीतच टाळला होता. ही सोय पुढच्या अनेक ट्रॅक्टरांत राहिली नाही आणि त्याची किंमत अपघातांनी मोजावी लागली.

भारतात ट्रॅक्टर बनू लागला तो १९६० च्या आसपास. आयशरचा पहिला देशी ट्रॅक्टर १९६० मध्ये फरिदाबादहून बाहेर पडला. १९६३ मध्ये महिंद्र आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या भागीदारीची कंपनी मुंबईत उभी राहिली आणि तिचा बी-२७५ महाराष्ट्रात सर्वदूर पोचला. मद्रासच्या टॅफेने मॅसी फर्ग्युसन आणला. १९७१ पासून पिंजोरला एचएमटीने झेटॉरच्या सहकार्याने पंचवीस अश्वशक्तीचे ट्रॅक्टर काढले. महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळ १९६५ मध्ये स्थापन झाले. परदेशातून आलेले ट्रॅक्टर त्या काळात राज्याराज्यांच्या अशा महामंडळांमार्फत वाटले जात. भूविकास बँकेचे कर्ज, नाव नोंदवून पाहिलेली वाट आणि मग दारात आलेला ट्रॅक्टर असा तो क्रम होता. मुरगूडच्या आसपास या सगळ्याला बळ दिले ते उसाने. बिदरीचा दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना, नंतर कागलचा शाहू कारखाना आणि हमीदवाड्याचा मंडलिक कारखाना असे तीन कारखाने या पट्ट्याला लाभले. नदीवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आणि वर पाटगावचे धरण यांमुळे उन्हाळ्यातही पाणी राहू लागले. बैलगाडीने जाणारा ऊस हळूहळू ट्रॅक्टर-ट्रॉलीत चढला.

या ट्रॅक्टरांबरोबर आलेली बॅटरी आजच्यासारखी नव्हती. काळ्या कडक रबराची पेटी, तिच्यात सहा कप्पे, प्रत्येक कप्प्याला वेगळे झाकण, झाकणांभोवती ओतलेले डांबर आणि एका कप्प्याचा सेल दुसऱ्याला जोडणाऱ्या शिशाच्या जाड पट्ट्या वरच्या वर उघड्या. आत धन आणि ऋण प्लेटांमध्ये सुरुवातीला लाकडाच्या पातळ फळ्या असत, पुढे रबर आणि प्लॅस्टिकचे पडदे आले. प्रत्येक सेल सुमारे दोन व्होल्टचा, सहा मिळून बारा. पेटी जड आणि ठिसूळ होती. ट्रॅक्टर खाचखळग्यांतून आदळला की तिला तडा जाई आणि ॲसिड गळून खालचा पत्रा खाल्ला जाई.

पण ही बॅटरी उघडता येत होती आणि त्यावर एक अख्खा धंदा उभा होता. सहापैकी एक सेल मेला तर पूर्ण बॅटरी टाकायची नाही. कारागीर वरच्या शिशाच्या पट्ट्यांतून प्रत्येक सेल वेगळा मोजून दोषी सेल पकडी, डांबर तापवून झाकण काढी, प्लेटांचा गठ्ठा उपसून नवा बसवी आणि पट्टी पुन्हा शिशाने जोडी. पेटीच्या तळाला साठलेला प्लेटांचा गाळ धुऊन काढणे हाही त्या कामाचा भाग. गाळ वाढून प्लेटांच्या खालच्या कडेला लागला की सेल आतल्या आत शॉर्ट होतो. असे दुरुस्त केलेले सेल नव्याइतके टिकत नसत. नवा आणि पाच जुने अशी जोडणी कधीच सारखी चार्ज होत नाही. तरी हंगामाच्या मध्यावर नवी बॅटरी घेण्यापेक्षा दुरुस्तीत खर्च थोडा होता आणि बहुतेकांना तेवढे पुरत असे.

देशात बॅटरीचा मोठा उद्योग कलकत्त्यापासून सुरू झाला. असोसिएटेड बॅटरी मेकर्स ही कंपनी १९४७ मध्ये नोंदली गेली. पुढे क्लोराइड इंडिया आणि १९९५ पासून एक्साइड ही तिचीच नावे. १९६९ मध्ये तिचा चिंचवडचा कारखाना सुरू झाला आणि पश्चिम महाराष्ट्राला माल जवळून मिळू लागला. मुंबईची स्टँडर्ड बॅटरीज हेही त्या काळातले परिचित नाव. या नामांकित मालाच्या बरोबरीने, तयार प्लेटा आणि पेट्या आणून गावपातळीवर जुळवलेल्या ‘लोकल’ बॅटऱ्याही विकल्या जात. त्यांचे सगळे मोल जुळवणाऱ्याच्या हातावर आणि सचोटीवर होते, कारण पेटीत किती प्लेटा घातल्या हे गिऱ्हाइकाला बाहेरून दिसत नाही.

नवी बॅटरी बहुधा कोरडी येई. दुकानात ॲसिड भरायचे, प्लेटांनी ते शोषेपर्यंत ठेवायचे आणि मग सावकाश पहिले चार्जिंग द्यायचे. घाईचे गिऱ्हाईक भरल्याबरोबर बॅटरी घेऊन जाई आणि ती कधीच पूर्ण ताकदीला येत नसे. कारागिराचे मुख्य हत्यार म्हणजे हायड्रोमीटर. काचेच्या नळीतला काटा ॲसिडात किती वर तरंगतो यावरून त्याची घनता, म्हणजे ‘ग्रॅव्हिटी’, कळते. थंड देशांत पूर्ण चार्ज बॅटरीची ग्रॅव्हिटी १.२७ ते १.२८ ठेवतात. भारतातल्या उष्ण हवेसाठी ती बहुधा १.२४ च्या आसपास धरली जाते. ॲसिड तीव्र असेल तर सेल्फ जोरात फिरतो खरा, पण उष्णतेत तेच ॲसिड प्लेटा लवकर खाते. सेल्फ जोरात लागावा म्हणून पाण्याच्या जागी ॲसिड ओतण्याची युक्ती अनेकांनी केली. चार दिवस गुण दिसतो, मग बॅटरी जाते.

बॅटरी भरायचे काम ट्रॅक्टरवरच्या डायनामोकडे होते. त्याच्यासोबत कट-आउट आणि रेग्युलेटरची डबी असे. डायनामो कमी फेऱ्यांवर जवळजवळ काहीच देत नाही. नांगरट करताना इंजिन चढत्या फेऱ्यांवर चालते, तेव्हा चार्जिंग चांगले होई. कारखान्याच्या रांगेत इंजिन मंद चालू ठेवून पुढे सरकत राहिले तर दिवे बॅटरीवरच जळत. नंतर आलेला अल्टरनेटर मंद फेऱ्यांवरही बऱ्यापैकी वीज देतो. या बदलाने एक नवा सापळाही आणला. ब्रिटिश आराखड्याच्या जुन्या गाड्या आणि ट्रॅक्टर यांत धन टोक अंगाला, म्हणजे अर्थला जोडलेले असे. नंतर सगळीकडे ऋण टोक अर्थला आले. डायनामोवर टोके उलटी जोडली गेली तरी सुधारता येई. अल्टरनेटरमधले डायोड मात्र अशा चुकीने क्षणात जळतात. जुन्या सवयीच्या हातांनी नव्या ट्रॅक्टरवर बॅटरी बसवताना तारेच्या रंगावर विसंबू नये, पेटीवरची अधिक-उण्याची खूण पाहावी, हा नियम तेव्हापासूनचा.

आता मुरगूडच्या वेळापत्रकाकडे. एका सुरुवातीला बॅटरीची किती शक्ती खर्च होते, याचा हिशेब साधा आहे. तीनशे अँपिअर पाच सेकंद म्हणजे पंधराशे अँपिअर-सेकंद. तासात मांडले तर अर्धा अँपिअर-तासही नाही. ऐंशी अँपिअर-तासांच्या बॅटरीतला हा किरकोळ हिस्सा अल्टरनेटर काही मिनिटांत परत भरतो. तेव्हा ट्रॅक्टर रोज सुरू करण्याने बॅटरी उतरत नाही. ती उतरते ती बाकीच्या गोष्टींनी, आणि त्या गोष्टी वर्षाच्या ठरावीक काळात येतात.

जूनपासून पाऊस लागला की ट्रॅक्टरचे काम तुटक होते. भाताच्या चिखलणीचे दिवस सोडले तर अनेक ट्रॅक्टर आठवडेच्या आठवडे गोठ्याशेजारी उभे राहतात. बॅटरी वापरली नाही तरी आपोआप थोडीथोडी उतरत असते. प्लेटांत अँटिमनी असलेल्या जुन्या बॅटरीत हे जास्त. शिवाय पेटीवर ओल आणि ॲसिडाचा थर असेल तर दोन टोकांमध्ये बारीक गळती चालू राहते. उतरलेल्या बॅटरीत प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कडक स्फटिक बसतात. ते एकदा जुने झाले की चार्जिंगने पुरते विरघळत नाहीत. दिवाळीच्या सुमाराला कारखान्यांचे बॉयलर पेटतात, तोडणीच्या टोळ्या येतात, ट्रॉल्यांना रंग लागतो आणि नेमक्या त्याच वेळी सेल्फ नुसता ‘टक्’ करतो. बॅटरीच्या दुकानांची गर्दी हंगामाच्या तोंडावर होते, त्यामागे हे रसायन आहे.

हंगामात वेगळाच त्रास. ट्रॅक्टर रात्रीही रस्त्यावर असतो. दोन मोठे दिवे, मागे ट्रॉल्यांचे दिवे आणि गेल्या तीन-चार दशकांत त्यात भर पडली ती टेपची आणि मोठमोठ्या स्पीकरची. सजवलेला, गाणी लावलेला उसाचा ट्रॅक्टर हे कोल्हापूर-सांगलीकडच्या रस्त्याचे ओळखीचे दृश्य आहे. वजनकाट्याच्या रांगेत डिझेल वाचवायला इंजिन बंद होते, गाणी बंद होत नाहीत. ॲम्प्लिफायरने दहा अँपिअर घेतले तर सहा तासांत साठ अँपिअर-तास संपले. स्टार्टरची बॅटरी यासाठी बनलेली नसते. तिच्यात पुष्कळ पातळ प्लेटा दाटीने बसवलेल्या असतात, म्हणजे क्षणभर मोठा प्रवाह देता यावा. हीच पातळ प्लेट खोलवर रिकामी होत राहिली तर तिच्यावरचा लेप गळू लागतो. अशा काही रात्री काढलेली बॅटरी वरून चांगली दिसते, हायड्रोमीटरलाही फसवते आणि भार टाकल्याबरोबर बसते.

२००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत याचीच दुसरी तऱ्हा दिसली. घरोघर इन्व्हर्टर आले आणि ट्रॅक्टरची बॅटरी रात्री घरात, सकाळी ट्रॅक्टरवर अशी अदलाबदल काहींनी केली. इन्व्हर्टरच्या बॅटरीत प्लेटा जाड आणि थोड्या असतात. त्या तासन्‌तास थोडा प्रवाह देतात, पण सेल्फला लागणारा झटका देताना कमी पडतात. दोन्ही कामांना एकच बॅटरी वापरली की दोन्ही कामे बिघडतात.

निवड करताना पेटीवर लिहिलेला अँपिअर-तासांचा आकडा पहिल्यांदा पाहिला जातो. पस्तीस ते पन्नास अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला बारा व्होल्टची, साधारण पंचाहत्तर ते शंभर अँपिअर-तासांची बॅटरी बसते, छोट्या बागायती ट्रॅक्टरला त्याहून लहान. भारतात हा आकडा बहुधा वीस तासांच्या मापाने दिलेला असतो: ऐंशीची बॅटरी चार अँपिअर वीस तास देईल. सेल्फच्या क्षणी ती किती जोर करेल हे त्या आकड्यातून थेट कळत नाही. त्यासाठी कंपनीने दिलेली स्टार्टिंग प्रवाहाची क्षमता पाहावी लागते, आणि सारख्या अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्यांत ती वेगळी असू शकते. मोठी बॅटरी लावली की स्टार्टर जळतो, ही समजूत मात्र चुकीची. स्टार्टर त्याला हवा तेवढाच प्रवाह ओढतो. मोठी बॅटरी भरायला अल्टरनेटरला जास्त वेळ लागतो आणि खाली चौकटीत ती नीट बसत नाही, हे खरे आक्षेप. ढिली बसलेली बॅटरी ट्रॉलीच्या हिसक्यांनी आतून तुटते. टर्मिनल कोणत्या बाजूला आहे हेही दुकानातच पाहावे. उलट बाजूची पेटी घेतली तर तार ताणून जोडावी लागते आणि ती पत्र्याला घासते.

दुकानात किती दिवस पडून होती, हा प्रश्न ब्रँडच्या नावापेक्षा महत्त्वाचा ठरतो. कंपन्या पेटीवर निर्मितीचा महिना सांकेतिक अक्षरांत उमटवतात, तो विक्रेत्याकडून वाचून घेता येतो. ॲसिड भरलेली बॅटरी सहा महिने तशीच पडून असेल तर ती नवी असूनही थकलेली असते.

निगेचे बहुतेक नियम पाणी, टर्मिनल आणि पट्टा या तीन ठिकाणी येऊन थांबतात. चार्जिंगच्या शेवटी पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघून जातात. एप्रिल-मेच्या उन्हात, इंजिनाच्या शेजारी बसलेल्या बॅटरीत पाणी अधिक उडते. ॲसिड मात्र उडत नाही, म्हणून भर फक्त शुद्ध पाण्याची. प्लेटा बुडून वर बोटभर पाणी राहील इतकेच. काठोकाठ भरले तर चार्जिंगच्या वेळी ॲसिडासह बाहेर येते. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्लोराइड आणि लोह प्लेटांना मारक, आणि बॅटरी आपोआप उतरण्याचा वेगही त्यांनी वाढतो. डिस्टिल्ड वॉटर हाताशी नसे तेव्हा पावसाचे पाणी धरून ठेवण्याची जुनी रीत होती. उघड्या आभाळाखाली काचेच्या भांड्यात धरलेले असे पाणी चालण्याजोगे असते, पत्र्यावरून आलेले नाही, कारण त्यात जस्त उतरते.

टर्मिनलवर जमणाऱ्या पांढऱ्या-निळ्या बुरशीसारख्या थराकडे फारसे कोणी पाहत नाही. पण तीनशे अँपिअरच्या प्रवाहात एक सहस्रांश ओहमचा अडथळासुद्धा ०.३ व्होल्ट गिळतो. गंजलेल्या क्लॅम्पचा अडथळा पाचपट असेल तर दीड व्होल्ट गेले. सेल्फ लागताना बारापैकी दहा व्होल्टच उरलेले असतात, त्यातून हे गेले की इंजिन फिरत नाही आणि चांगली बॅटरी बदलली जाते. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून थर धुवायचा, झाकणे बंद ठेवून, म्हणजे सोडा आत जाणार नाही. मग खरवडून, क्लॅम्प घट्ट करून वरून पेट्रोलियम जेली किंवा ग्रीस. अर्थची तार जिथे सांगाड्याला मिळते तिथला रंग आणि चिखलही तितकाच अडवतो. ती जागा तपासायची सर्वांत जास्त राहून जाते. फॅनचा पट्टा सैल असेल तर तो अल्टरनेटरवरून घसरतो आणि बॅटरी अर्धपोटी राहते.

पावसाळ्यात ट्रॅक्टर उभा ठेवताना बॅटरी पूर्ण चार्ज करून अर्थची तार काढून ठेवावी. दर तीन-चार आठवड्यांनी ट्रॅक्टर अर्धा-पाऊण तास चालवावा किंवा बॅटरी चार्जरला लावावी. पाच मिनिटे घुमवून बंद करण्याने उतरलेली बॅटरी भरत नाही. चार्जिंगचा प्रवाह क्षमतेच्या दहाव्या भागाइतका, ऐंशीला आठ अँपिअर. विश्रांतीनंतर मोजलेले १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. ॲसिड पातळ करायची वेळ आलीच तर पाण्यात ॲसिड ओततात, ॲसिडात पाणी कधी नाही. तसे केल्यास ते उकळून अंगावर उडते. चार्जिंगच्या जागी बिडी-काडी नको, कारण तिथला वायू पेट घेतो आणि पेटी फुटते.

बॅटरी उतरल्यावरचे उपाय ट्रॅक्टरइतकेच जुने. माळावर उतार पाहून ट्रॅक्टर लावणे, दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून सुरू करणे, शेजारच्या बॅटरीची तार लावणे. उताराच्या आधाराने मेलेल्या बॅटरीवर सबंध हंगाम काढणारेही असत. यांत घातक उपाय एकच: जमिनीवर उभे राहून पाना किंवा स्क्रूड्रायव्हर लावून स्टार्टरची टोके जोडणे. क्लचचा किंवा गिअरचा सुरक्षा-स्विच त्यामुळे बाजूला पडतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर तो सुरू होताच मागच्या चाकासमोर उभ्या असलेल्या माणसावर चढतो. जगभरातल्या ट्रॅक्टर अपघातांत हा प्रकार वारंवार नोंदला गेला आहे.

दुरुस्तीचा जुना धंदा मोडला तो पेटी बदलल्यामुळे. कडक रबराच्या जागी पॉलिप्रोपिलीनची हलकी, न फुटणारी पेटी आली. तिचे झाकण उष्णतेने कायमचे चिकटवलेले आणि सेलांची जोडणी आतल्या भिंतीतून. वर मोजायला पट्टी नाही, उघडायला डांबर नाही. प्लेटांतली अँटिमनी कमी होऊन कॅल्शियम आले, त्यामुळे पाणी कमी उडू लागले आणि उभ्या बॅटरीचे उतरणे मंदावले. पावसाळी विश्रांतीच्या प्रदेशाला हा खरा लाभ होता. अमर राजा या १९८५ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने २००० साली अमरॉन बाजारात आणली आणि पाणी न घालण्याची बॅटरी, महिन्यांत मोजलेली वॉरंटी हे विक्रीचे मुद्दे झाले. कारागिराचा निदान करणारा कान आणि हायड्रोमीटर मागे पडले. वॉरंटी कार्डावरचा शिक्का आणि भार टाकून पाहणारे यंत्र पुढे आले. बॅटरी आता जास्त टिकते, पण तिच्यात काय बिघडले हे मालकाला कळण्याची वाट मात्र बंद झाली.

पन्नास अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून प्रदूषणाचे नवे निकष लागू झाले आणि त्यांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने डिझेल फवारणारी इंजिने आली. इथे सुरुवातीला सांगितलेली बॅटरीची मर्यादित भूमिका बदलते. सेल्फ फिरत असला तरी व्होल्टेज फार खाली गेले तर नियंत्रक काम करत नाही आणि इंजिन पेटत नाही. उतारावरून सोडूनही भागत नाही. स्पीकरची तार थेट बॅटरीला लावणे किंवा चालू ट्रॅक्टरवरून बॅटरीची टोके काढणे या जुन्या सवयी अशा इंजिनाला महागात पडतात.

मेलेल्या बॅटरीला भंगारात नेहमीच भाव मिळाला आहे. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिसे असते आणि ते वितळवून पुन्हा पुन्हा वापरता येते. नवी घेताना जुनी परत देऊन किंमत कमी करून घेण्याची प्रथा कायद्याच्या आधीची आहे. २००१ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी विक्रेते आणि उत्पादकांवर टाकली. २०२२ मध्ये त्यांची जागा बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी घेतली. तरी उघड्यावर पेट्या फोडून शिसे वितळवण्याचे प्रकार देशात पूर्ण थांबलेले नाहीत. त्यात ॲसिड ओढ्यात जाते आणि शिशाची धूळ लहान मुलांच्या रक्तात. बॅटरी भंगारवाल्याकडे न देता पावतीसह विक्रेत्याकडे दिली तर ती नोंदणीकृत पुनर्वापर कारखान्यात पोचण्याची शक्यता वाढते, आणि सवलतीची रक्कम बिलावर उतरते.